निरोप कधी आला होता?

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. घरच्या मंडळींना कारण ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी एवढंच सांगते, की माझी थोरली बहीण आजारी होती, आता बरी आहे, आणि परवापासून माझ्या हातचा चहा गुळचट होतो अशी तक्रार पुन्हा सुरू झाली आहे. तेव्हा काळजी नसावी.

आजचा विषय मात्र आजारपण नाही. ऐकून हसाल. चालू असलेल्या व्हर्च्युअल मशीनला हार्डवेअर इंटरप्ट कसा पोचवतात, हा आजचा विषय! मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, ३४ वर्षं मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई. संगणकाशी माझा संबंध हे असं चार ओळी टंकण्यापुरता. पण हा विषय माझ्या आयुष्यातल्या तीन दिवसांना असा काही येऊन चिकटला आहे, की लिहून टाकल्याशिवाय सुटका नाही.

तर झालं असं. गेल्या दिवाळीत भाची बंगळूरहून आली होती. मी चकल्या तळत होते आणि ती ओट्याशेजारी स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसली होती. सुट्टी असूनही काम चालूच. मी सहज विचारलं, "काय गं, तू नेमकं करतेस काय? एकदा मला समजेल असं सांग पाहू."

ती म्हणाली, "मावशी, तू वर्गात शिकवत असताना कुणी दारावर टकटक केली तर तू काय करायचीस?"

"कोण आहे त्यावर ते अवलंबून."

"बस्स. माझं सगळं काम तेवढंच आहे."

मग तिने सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. संगणकातला प्रोसेसर एकामागून एक सूचना पाळत पुढे जात असतो. बाहेरच्या जगात मात्र कधी काय होईल याचा नेम नाही. कळ दाबली जाते, नेटवर्कवरून काही येतं, डिस्क म्हणते "मागितलेलं आणलंय". आता प्रोसेसरने दर क्षणाला उठून काही आलंय का ते बघत बसावं, की ज्याला सांगायचंय त्याने टकटक करावी? ही टकटक म्हणजे इंटरप्ट. ती झाली की प्रोसेसर हातातली सूचना पुरी करतो, आपण कुठे होतो याची खूण ठेवतो, आलेलं काम उरकतो आणि खुणेच्या जागी परत येऊन असा पुढे चालू लागतो, की मधे काही झालंच नाही.

"अगं, ही तर सूचनावही!" मी म्हटलं.

जुन्या मास्तरमंडळींना सांगायला नको. आपण फळ्यावर लिहीत असतो, दारात शिपाईमामा सूचनावही घेऊन उभे. आपण वाक्य पुरं करतो, खडू फळ्यावर टेकवून ठेवतो, सूचना वाचून दाखवतो, सही करतो, आणि "हं, तर कुठे होतो आपण?" म्हणत पुढे जातो. पहिल्या बाकावरची एखादी हुशार मुलगी नेमका शब्द सांगते. प्रोसेसरला ती मुलगी नसते, म्हणून खूण स्वतःच ठेवावी लागते, एवढाच फरक.

टकटकीचे प्रकारही ठरलेले असतात. आपल्या घरातल्या संगणकांत बहुतेक करून जे इंटेलच्या घराण्यातले प्रोसेसर असतात, त्यांच्याकडे २५६ ओळींचा एक तक्ता असतो. अमुक क्रमांकाची टकटक आली की तमुक काम करायचं. त्यातले पहिले ३२ क्रमांक प्रोसेसरच्या स्वतःच्या अडीअडचणींसाठी राखून ठेवलेले. नाजूक काम चालू असेल तर प्रोसेसरला थोडा वेळ दार लावून घेता येतं. मग आलेली टकटक हरवत नाही, नोंद होऊन थांबून राहते. फक्त एक टकटक अशी असते की दार लावलं तरी ऐकावीच लागते.

हे आज आपल्याला सोपं वाटतं, पण सुरुवातीला मोठमोठी माणसं याला बिचकली होती. डाइक्स्ट्रा नावाचे एक डच शास्त्रज्ञ होते. एक्स-१ नावाच्या संगणकात इंटरप्ट ठेवायचं ठरलं तेव्हा ते आधी विरोधातच होते. टकटक कधी होईल ते सांगता येत नाही, म्हणजे तेच काम पुन्हा केलं तरी घडण्याचा क्रम तोच राहील याची खात्री नाही, मग चूक झाली तर शोधायची कशी? शेवटी त्यांनीच ते काम अंगावर घेतलं आणि १९५९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली ती याच विषयाच्या प्रबंधावर.

इथवर मी मजेत ऐकत होते. मग ती व्हर्च्युअल मशीनवर आली.

एकाच खऱ्या संगणकावर अनेक खोटे संगणक चालवायचे, आणि प्रत्येकाला वाटत राहावं की हे सगळं यंत्र माझंच आहे. आयबीएमने हे १९६०च्या दशकातच करून पाहिलं होतं, आणि १९७२ साली तशी प्रणाली गिऱ्हाइकांसाठीही आणली. आज आपले फोटो, बँकेचे व्यवहार, रेल्वेची तिकिटं जिथे कुठे सांभाळली जातात, तिथे बहुतेक ठिकाणी हाच कारभार असतो. या सगळ्या खोट्या संगणकांच्या वर एक कारभारी असतो, त्याला हायपरव्हायजर म्हणतात. आपल्या भाषेत मुख्याध्यापक म्हणा. एका इमारतीत चार शाळा भरतात, प्रत्येक शाळेला वाटतं इमारत आपलीच, आणि चावी मुख्याध्यापकांच्या खिशात.

आता खरी टकटक होते ती खऱ्या प्रोसेसरच्या दारावर. ती कुणासाठी आहे ते आधी कळायला हवं. म्हणून जुनी रीत अशी, की टकटक झाली की जे व्हर्च्युअल मशीन त्या वेळी प्रोसेसरवर चालू असेल ते जागच्या जागी थांबवायचं आणि ताबा कारभाऱ्याकडे द्यायचा. तो बघणार कुणाचा निरोप आहे. मग ज्याचा असेल त्याला पुन्हा चालू करताना तो निरोप त्याच्यात घालून देणार. त्या मशीनने दार लावून घेतलं असेल तर कारभारी लक्ष ठेवणार, आणि दार उघडल्याबरोबर आत सरकवणार.

"आणि मशीनला कसं कळतं की निरोप वाटेत थांबला होता?" मी विचारलं.

"कळतच नाही," ती म्हणाली. "तेच तर कौशल्य आहे. त्याला वाटतं, टकटक आत्ताच झाली."

मी झारा हातात धरून तशीच उभी राहिले. घाणा करपला.

ऑगस्ट १९८३. चिपळूणजवळच्या एका शाळेत मी होते. आई कराडला भावाकडे, आजारी. त्या दिवशी शाळेची तपासणी होती. साहेब माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसले होते आणि मी पुरंदरचा तह शिकवत होते. धडा चांगला रंगला. तेवीस किल्ले द्यावे लागले, पण राजांनी धीर सोडला नाही, असं काहीसं आवेशाने सांगत होते. साहेब खूश झाले. साडेचारला शाळा सुटताना मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. "बाई, आत्ताच ट्रंककॉल आला होता. आईंची तब्येत जास्त आहे. तुम्ही लगेच निघा."

मी संध्याकाळच्या एस.टी.ने निघाले. कुंभार्ली घाटात पाऊस, धुकं, पुढे एक ट्रक आडवा. कराडला पोचायला रात्रीचे अकरा वाजले. आई साडेसातलाच गेली होती. दुपारभर शुद्धीवर होती, दोनदा माझं नाव घेतलं, असं वहिनी म्हणाली.

नशीब म्हणून मी ते गिळलं. तीन वर्षांनी शिपाईमामा निवृत्त झाले. निरोपसमारंभ संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, मनात ठेवून जाववत नाही. तुमचा फोन सव्वाअकराला आला होता. मीच उचलला होता. सर म्हणाले, तपासणी होऊ दे."

दुपारी बाराची गाडी होती. ती मिळाली असती तर पाचच्या आत मी आईजवळ असते.

सर वाईट नव्हते हो. शाळेचं अनुदान तपासणीवर अवलंबून होतं, आणि धडा मधेच सोडून बाई निघून गेल्या असत्या तर काय झालं असतं कोण जाणे. शिवाय त्यांना वाटलं असेल, चार-पाच तासांनी काय बिघडतं? निरोप त्यांनी दडवला नाही, फक्त थांबवला. मला टोचत राहिलं ते थांबवणं नव्हे, तो एक शब्द. आत्ताच.

मी गप्प झालेली बघून भाचीला वाटलं, मला कंटाळा आला. ती म्हणाली, "अगं, ही पद्धत आता मागे पडत चालली आहे. त्यात वेळ फार जातो." दर टकटकीला मशीन थांबवायचं, कारभारी आणायचा, पुन्हा चालू करायचं. निरोप पाहून झाला हे कळवायलासुद्धा मशीनला पुन्हा थांबावं लागे. अशा एकेका फेरीत प्रोसेसरचे हजारो ठोके वाया जातात. ठोका म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागाहूनही लहान, पण सेकंदाला हजारो टकटकी यायला लागल्या की कारभारीच सगळा वेळ खाऊन टाकतो. २०१२ साली इस्राएलमधल्या आयबीएमच्या संशोधकांनी आणि टेक्निऑन या संस्थेतल्या मंडळींनी दाखवून दिलं, की ज्या मशीनचे निरोप त्यालाच थेट पोचू दिले आणि कारभाऱ्याला मधून काढलं, तर कामाचा वेग १.३ ते १.६ पट होतो. म्हणजे खऱ्या यंत्राच्या ९७ ते १०० टक्के. त्यांनी हे निव्वळ सॉफ्टवेअरच्या युक्तीने केलं. २०१३च्या सुमारास इंटेलने प्रोसेसरमध्येच तशी सोय आणली, आणि पुढे बाहेरच्या उपकरणांचे निरोपही त्याच वाटेने थेट येऊ लागले.

ती सोय मला फार आवडली. प्रत्येक खोट्या प्रोसेसरच्या नावाने २५६ खणांची एक पाटी ठेवलेली असते. निरोप आला की त्या क्रमांकाच्या खणात खूण होते आणि एक विशिष्ट घंटी वाजते. मशीन चालू असेल तर प्रोसेसर स्वतःच ती पाटी बघतो आणि निरोप जागच्या जागी मशीनला देतो. वर्ग थांबत नाही, मुख्याध्यापकांना उठावं लागत नाही. मशीनला त्या वेळी प्रोसेसर मिळालेला नसेल, तर खूण पाटीवर राहते आणि घंटी कारभाऱ्याकडे जाते, म्हणजे तो त्याला लवकर पाळी देऊ शकतो.

"मग मुख्याध्यापकांचं काम काय उरलं?"

"पाट्या कुणाच्या कुठे, कुठला निरोप कुणाच्या पाटीवर, हे आधी नीट लावून द्यायचं. ते काम फार जबाबदारीचं आहे, एकाचा निरोप दुसऱ्याच्या हातात पडता कामा नये. पण एकदा लावून दिलं की प्रत्येक निरोपाच्या वेळी मधे उभं राहायचं नाही."

"आणि मशीनला दार लावून घ्यायचं असेल तर?"

"तो त्याचा हक्क आहे. तो तसाच राहतो. थांबायचं की नाही ते ज्याचा निरोप आहे त्याने ठरवायचं."

तिला मी सरांची गोष्ट सांगितली. तिला ती थोडीफार माहीत होती, तिच्या आईकडून. दुसरी गोष्ट मात्र सांगितली नाही. ती आजवर कुणालाच सांगितलेली नाही, ती इथे सांगते.

मार्च १९९६. दहावीची परीक्षा, बीजगणिताचा पेपर. केंद्राची जबाबदारी माझ्याकडे होती. पावणेबाराला फाटकाशी एक मुलगा धापा टाकत आला. आमच्या एका विद्यार्थिनीचा चुलतभाऊ. तिचे वडील शेतात कोसळले होते, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं, तिला घेऊन यायला सांगितलं होतं. मी खिडकीतून पाहिलं. मुलगी मान खाली घालून लिहीत होती. गणितात कच्ची. हा पेपर गेला तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर घरचे लग्न लावून देणार, हे मला ठाऊक होतं. मी मुलाला म्हटलं, "पेपर सुटेपर्यंत थांब."

पेपर सुटला. मी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं. तिने एकच विचारलं, "बाई, निरोप कधी आला?"

आणि मी म्हणाले, "आत्ताच."

तिच्या भावाला मी आधीच डोळ्यांनी दटावलं होतं. वडील एकच्या सुमारास गेले होते. दवाखाना वीस मिनिटांवर होता.

ती पास झाली. पुढे शिकली, नोकरीला लागली. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन माझ्या पाया पडायला आली आणि म्हणाली, "बाई, तुमच्यामुळे माझं वर्ष वाचलं." मी पेढा खाल्ला. त्याची चव मला आठवत नाही.

दहा वर्षं ज्या शब्दाबद्दल मी सरांना मनातल्या मनात बोल लावत होते, तोच शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज निघाला. मधे उभं राहिलेल्या माणसाला तो आपसूक सुचतो बहुतेक. निरोप थांबवण्यामागे निदान काही विचार तरी होता, चूक असेल वा बरोबर. वेळ लपवण्यामागे मात्र काही नव्हतं, माझी स्वतःची सुटका सोडून. यंत्रातल्या कारभाऱ्याला क्षमा आहे. खोटं चालवणं हे त्याचं ठरलेलं काम आहे, आणि थांबलेल्या मशीनला कुणाची आई नसते.

आता गेल्या महिन्याचं. ताईला सकाळी साडेनऊला छातीत दुखायला लागलं. रिक्षाने दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले, आजच अँजिओप्लास्टी करावी लागेल. आत नेताना ताईने माझा हात घट्ट धरला. "तिला आत्ता कळवू नकोस. आज तिचं महिनाभराचं काम पुरं व्हायचंय. संध्याकाळी सांग. मला वचन दे."

मी दिलं. आत नेत असलेल्या माणसाला नाही म्हणवत नाही.

आणि मग बाहेर बाकावर फोन हातात घेऊन बसले. ताईचं म्हणणं खरं होतं. भाची इथे येऊन काही शस्त्रक्रिया करणार नव्हती. काम बिघडलं असतं, जीव टांगणीला लागला असता. सरांकडे होती तसली सगळी कारणं माझ्याकडे होती. माझ्याकडे १९९६ साली होती तसली सगळी कारणंही होती.

मी लिहिलं, "आईला साडेनऊला छातीत दुखू लागलं. दवाखान्यात आणलं आहे. शुद्धीवर आहे, बोलते आहे. अकराला अँजिओप्लास्टी. तुला सांगू नको म्हणाली आहे, तरी सांगते. आत्ता १० वाजून ४० मिनिटं." आणि पाठवून दिलं.

चार मिनिटांनी तिचा फोन आला. रडली नाही. एवढंच म्हणाली, "मावशी, मला अर्धा तास दे. काम दुसऱ्याच्या हातात देते आणि निघते." तो अर्धा तास तिने स्वतः घेतला. मला वाटलं होतं, असा निरोप मिळाल्यावर माणूस हातातलं टाकून धावत सुटतो. पण ती त्या अर्ध्या तासाची मालकीण होती. मी आईच्या वेळी कशाची होते? कदाचित मीही म्हणाले असते, "साहेब, एवढा तह संपवते आणि बाराच्या गाडीने जाते." सव्वाअकरा ते बारा पुष्कळ वेळ होता. पण ते मला म्हणायला मिळालं नाही.

संध्याकाळी साडेसहाला ती पोचली. ताई अतिदक्षता विभागात होती, काचेतून दोघींनी एकमेकींना हात केला. ताई माझ्यावर अजून रागावलेली आहे. वचन मोडलंस म्हणते. मोडलं, खरंच मोडलं. समजा सगळं वाईट झालं असतं, किंवा भाचीला विमानच मिळालं नसतं, तरी मी तो निरोप त्याच वेळी दिला असता, एवढंच मला ताईला सांगता येतं. तिला ते पटत नाही. असो. चहावरून भांडायला आम्ही दोघी आहोत, हे काय थोडं आहे?

राहता राहिली माझी विद्यार्थिनी. ती आता पंचेचाळिशीच्या घरात असेल. गुरुपौर्णिमेला अजून तिचा फोन येतो, म्हणजे नंबर माझ्याकडे आहे. तिने तेव्हा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पावणेबारा असं आहे, आणि ते माझ्याजवळ इतकी वर्षं थांबून राहिलेलं आहे. हरवलेलं नाही, एवढंच. तिने ते ऐकून काय करायचं, मला काय म्हणायचं, पुढे फोन करायचा की नाही, ते ती ठरवील. मी मधे उभं राहणार नाही.

दुपारी ती कामावर असते. संध्याकाळी सातनंतर फोन करणार आहे.